कमी ऐकू येते? लपवू नका, उपाय करा

(विद्यापीठाच्या शेतकरी मेळाव्यात कृषि अवजारे व यंत्रे विभागातील एका सेवानिवृत्त अभियंत्याने दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



सकाळपासून या मंडपात बियाणे, ठिबक आणि तणनाशके यांवर आपण पुष्कळ ऐकले. माझा विषय ऐकणे हाच आहे. इंजिनाचे ऑईल किती तासांनी बदलायचे, हे आपल्याला पाठ असते. बेअरिंग खराब झाले की आपण नुसत्या आवाजावरून ओळखतो. पण ज्या कानांनी हे ओळखतो, त्या कानांची तपासणी आपल्यापैकी किती जणांनी करून घेतली आहे? हात वर करा म्हटले तर फार हात वर येणार नाहीत. नोकरीची २९ वर्षे होईपर्यंत मीही ती केली नव्हती.

माझ्या दोन्ही कानांमागे ही श्रवणयंत्रे आहेत. मागच्यांनाही दिसावीत म्हणून मान वळवून दाखवतो. मी डॉक्टर नाही. ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रांच्या चाचण्या घेणारा अभियंता आहे. त्यामुळे औषधांचे डोस सांगणार नाही. डॉक्टरांकडून आणि श्रवणतज्ज्ञांकडून जे शिकलो आणि स्वतः भोगून जे कळले, तेवढे सांगतो.

झाले ते असे

मी १९८६ साली विभागात रुजू झालो. चाचणी म्हणजे यंत्राशेजारी तासन्‌तास उभे राहणे. कानाला काही लावायची पद्धत नव्हती. फार झाले तर कापसाचा बोळा. संध्याकाळी घरी गेल्यावर कान बधिर वाटायचे, सकाळी बरे वाटायचे. त्याला आम्ही 'कान दडे बसणे' म्हणायचो आणि विसरून जायचो.

२००९ सालच्या मार्च महिन्यात गव्हाच्या मळणीयंत्राची चाचणी चालू होती. यंत्र ट्रॅक्टरवर चालत होते आणि मी ट्रॅक्टरजवळ उभा होतो. पेंढ्या आत सारणाऱ्या मजुराच्या शर्टाची बाही अडकली. तो ओरडला. माझ्यापेक्षा दूर, पोती शिवत बसलेल्या दोघांनी ती हाक ऐकली. ते धावत आले तेव्हा मला कळले आणि मी इंजिन बंद केले. हात वाचला, पण दोन बोटे गेली.

नंतर सगळ्यांना मी एकच सांगितले, "एवढ्या आवाजात कोणाला ऐकू येणार?" ते खरे नव्हते. लांबच्या माणसांना ऐकू आले होते, मला आले नव्हते. हे मला त्याच दिवशी कळले होते आणि तरीही पुढची सहा वर्षे मी ते लपवले. आज मी येथे उभा आहे तो मुख्यतः या सहा वर्षांसाठी. बहिरेपणाने माझे जेवढे नुकसान केले, त्याहून अधिक नुकसान तो लपवण्याने केले.

आवाज किती झाला म्हणजे फार?

आवाज डेसिबल या एककात मोजतात. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबल असते. केबिन नसलेल्या ट्रॅक्टरवर चालकाच्या कानाशी भार असताना साधारण ९० ते १०० डेसिबल आवाज असतो. मळणीयंत्र व कडबाकुट्टी यांचा आवाजही पुष्कळदा याच घरात जातो. लाकूड कापायची साखळी-करवत १०० च्या बरीच वर जाते. जवळ फुटलेला सुतळी बॉम्ब तर १२० च्याही पुढे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. डेसिबलचे गणित किलो-क्विंटलसारखे सरळ नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की कानावर येणारी ऊर्जा दुप्पट होते. म्हणून सुरक्षित वेळ निम्मा होतो. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने केलेल्या शिफारशीनुसार उघड्या कानांनी दिवसात जास्तीत जास्त किती वेळ थांबावे, ते पुढीलप्रमाणे :

८५ डेसिबल : ८ तास
८८ डेसिबल : ४ तास
९१ डेसिबल : २ तास
९४ डेसिबल : १ तास
९७ डेसिबल : अर्धा तास
१०० डेसिबल : १५ मिनिटे

आता आपल्या हंगामाचा विचार करा. मळणीच्या दिवसांत आपण १०-१२ तास यंत्रावर असतो. कारखान्यांना आवाजाच्या मर्यादेचे नियम आहेत. आपल्या खळ्यावर मोजायला कोणी येत नाही. त्यामुळे ही काळजी आपली आपल्यालाच घ्यावी लागते.

मीटर नसेल तर साधी खूण अशी : हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल, तर तो आवाज कानाला धोक्याचा आहे असे समजावे.

कान आतून कसा बिघडतो?

कानाच्या आतल्या भागात गोगलगाईच्या शंखासारखी वळणे असलेली एक नळी असते. तिच्यात सुमारे १५ हजार अतिसूक्ष्म केसांच्या पेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या डोलतात आणि मज्जातंतूमार्फत मेंदूला निरोप पाठवतात. गव्हाच्या शेतावरून वारा गेला की ओंब्या वाकतात आणि पुन्हा उभ्या राहतात, तसे हे काम चालते. वादळ मोठे असेल किंवा रोजच येत असेल, तर पीक लोळते. फरक एवढाच की शेतात पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येते. माणसाच्या कानातील या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. त्या पुन्हा उगवाव्यात असे औषध आजही बाजारात नाही.

मोठ्या आवाजाने होणारे नुकसान प्रथम बारीक, तीव्र स्वरांत होते, विशेषतः ४,००० हर्ट्‌झच्या आसपास. म्हणून सुरुवातीला माणूस बहिरा झाला असे वाटतच नाही. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही. 'स', 'श', 'त', 'क', 'फ' ही अक्षरे पुसट होतात. 'सात' की 'साठ', 'काप' की 'ताप', असा घोटाळा होतो. पुरुषांचा जाड आवाज कळतो; बायकांचे व लहान मुलांचे बोलणे निसटते. मग घरातले म्हणतात, "यांना हवे तेवढेच ऐकू येते." हा आरोप पुष्कळ घरांत होतो आणि तो बहुधा खोटा असतो.

ट्रॅक्टर चालवणाऱ्यांत आणखी एक गोष्ट पुष्कळदा आढळते. नांगर किंवा पेरणीयंत्र पाहायला आपण उजव्या खांद्यावरून मागे वळतो, त्या वेळी डावा कान इंजिनाच्या व सायलेन्सरच्या बाजूला येतो. त्यामुळे डावा कान आधी उतरतो. माझेही तसेच झाले. फोन मी नकळत उजव्या कानाला लावू लागलो होतो.

सगळा बहिरेपणा आवाजामुळेच येतो असे मात्र नाही. कानात मळ घट्ट बसणे, कान वाहणे व पडद्याला छिद्र पडणे, मधल्या कानातील रिकिबीच्या आकाराचे हाड घट्ट होणे, वाढते वय, ही कारणे असतात. काही औषधांनीही आतला कान दुखावतो. क्षयरोगात व गंभीर जंतुसंसर्गात देतात त्यांपैकी स्ट्रेप्टोमायसीन, अमिकासीन, जेंटामायसीन ही इंजेक्शने त्यांत येतात. अशी औषधे चालू असताना ऐकू कमी येऊ लागले किंवा कानात आवाज येऊ लागला, तर औषध आपल्या मनाने बंद न करता लगेच डॉक्टरांना सांगावे.

कानात वाजणारा आवाज : कर्णनाद

माझ्या दृष्टीने बहिरेपणापेक्षा त्रासाची गोष्ट ही होती. २०११ च्या सुमारास रात्री अंथरुणावर पडलो की रातकिडे ओरडल्यासारखा आवाज येई. पहिल्यांदा मी खिडकी बंद केली. आवाज थांबला नाही. मग पत्नीला विचारले, "तुला ऐकू येतात का गं हे रातकिडे?" ती म्हणाली, "अहो, मे महिन्यात कुठले रातकिडे?" तेव्हा कळले की आवाज बाहेर नाही.

याला कर्णनाद म्हणतात. हे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेत कानाच्या रोगांमध्ये कर्णनाद आणि बाधिर्य यांची नोंद आहे. कोणाला शिट्टी ऐकू येते, कोणाला वाफेसारखा फुसफुसाट, कोणाला पाण्याचा धबधबा.

हे का होते, ते रेडिओच्या उदाहरणाने समजेल. लांबचे केंद्र नीट लागत नसले की आपण आवाज वाढवतो. कार्यक्रमाबरोबर खरखरही वाढते. कानाकडून येणारा निरोप कमी झाला की मेंदू आपला 'आवाज' वाढवतो आणि त्यात ही खरखर ऐकू येते, असे तज्ज्ञ समजावून सांगतात. म्हणजे कर्णनाद हा वेडाचा प्रकार नव्हे, भुताटकी नव्हे आणि बहुतेक वेळा जिवावरच्या रोगाचे लक्षणही नव्हे. पण त्याची भीती बसली की झोप उडते, झोप उडाली की चिडचिड वाढते आणि चिडचिडीने आवाज अधिकच जाणवतो. हे रहाटगाडगे माझे दोन वर्षे फिरत होते.

त्या काळात मी एक जाहिरात वाचून तीन महिने चूर्ण घेतले. कोणी लसणीचे गरम तेल सांगितले, तेही घातले. चूर्णाने पैसे गेले, तेलाने कान सुजला. आज मी स्पष्ट सांगतो, कर्णनाद हमखास घालवणारी गोळी अजून निघालेली नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत गिंको, मेलाटोनिन, जस्त अशा पूरक गोळ्या यासाठी देऊ नयेत असेच म्हटले आहे. 'शंभर टक्के गुण' अशी हमी जो देतो, त्याच्यापासून दूर राहावे. गोळी नाही याचा अर्थ उपाय नाही, असा मात्र नव्हे. ते पुढे सांगतो.

तपासणी कोठे व कशी?

२०१५ साली माझी नात पाच वर्षांची होती. ती शाळेतली गोष्ट सांगत होती आणि मी नेहमीप्रमाणे "हं, हं" करत होतो. ती मध्येच थांबली आणि आजीला म्हणाली, "आजोबांना काहीच कळत नाही, ते नुसते हं म्हणतात." त्याच आठवड्यात मी जिल्हा रुग्णालयात गेलो.

प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दिव्याने कान पाहिला. मळ असेल किंवा पडदा फाटला असेल तर तेथेच समजते. नंतर श्रवणतज्ज्ञ, म्हणजे ऑडिओलॉजिस्ट, यांनी आवाज न येणाऱ्या छोट्या खोलीत बसवले. कानाला हेडफोन लावून जाड-बारीक स्वर ऐकवले. ऐकू आला की बटण दाबायचे. ना सुई, ना दुखणे. शेवटी एक आलेख हातात मिळतो, त्याला ऑडिओग्राम म्हणतात. माझ्या आलेखात ४,००० हर्ट्‌झला विहिरीसारखा खड्डा होता, डाव्या कानात जास्त खोल. ते पाहून श्रवणतज्ज्ञांनी विचारले, "ट्रॅक्टरवर काम करता का?" माती परीक्षणाचा अहवाल वाचून आपण शेताचा इतिहास सांगतो, तसेच हे झाले.

हा आलेख जपून ठेवावा. दर वर्षी किंवा दोन वर्षांनी पुन्हा तपासून जुन्याशी ताडून पाहावा.

पुढील लक्षणांत मात्र हंगाम, बाजार, लग्नकार्य काहीही असले तरी थांबू नये :

१) एका कानाने अचानक, एक-दोन दिवसांत ऐकू येईनासे होणे. ही तातडीची बाब आहे. 'सर्दीने दडा बसला असेल' म्हणून आठवडे घालवू नयेत. डॉक्टर यावर स्टेरॉइड औषधे देतात आणि ती पहिल्या काही दिवसांत सुरू झाली तरच गुण येण्याची आशा जास्त असते.
२) कर्णनाद फक्त एकाच कानात असणे.
३) कानातला आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धकधकणे.
४) सोबत भोवळ येणे, तोंड वाकडे होणे किंवा कान वाहणे.

उपचार कोणते?

उपचार कारणावर अवलंबून असतात. म्हणूनच आधी तपासणी आणि मग उपाय. मळ असेल तर डॉक्टर तो काढतात आणि काम भागते. काडी, हेअरपिन, चावी कानात घालू नये. मळ अधिक आत जातो आणि पडदा फाटू शकतो. पडद्याला छिद्र असेल तर शस्त्रक्रियेने ते बुजवता येते. रिकिबीचे हाड घट्ट झाले असेल तर त्यावरही शस्त्रक्रिया आहे. आतल्या कानाच्या पेशी गेल्या असतील तर मुख्य आधार श्रवणयंत्राचा. दोन्ही कानांना तीव्र बहिरेपणा असून श्रवणयंत्राचाही उपयोग होत नसेल, तर तपासणी करून कॉक्लिअर इम्प्लांट बसवता येते. जन्मतः बहिऱ्या मुलांत ते जितक्या लवकर होईल तितके बोलणे चांगले येते.

श्रवणयंत्राबद्दल चार गोष्टी अनुभवाच्या सांगतो.

एक, ते चष्म्यासारखे आहे. दुसऱ्याच्या नंबरचे चालत नाही. बाजारात मिळणारे स्वस्त आवाज वाढवणारे डबे सगळेच आवाज सारखे वाढवतात. ऑडिओग्रामप्रमाणे श्रवणतज्ज्ञांकडून जुळवून घेतलेले यंत्रच वापरावे आणि आधी लावून पाहावे.

दोन, पहिल्या दिवशी निराश होऊ नये. मला पहिल्या दिवशी भांडी घासल्याचा आवाज गोळीबारासारखा वाटला. यंत्र काढून मी कपाटात ठेवले. श्रवणतज्ज्ञांनी सांगितले, "रोज दोन तास घरात लावा, मग वाढवा." मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. महिन्याभराने मी पहाटे उठून अंगणात बसलो होतो आणि चिमण्या ऐकू आल्या. त्या कधीपासून ऐकू येत नव्हत्या, हेही मला माहीत नव्हते.

तीन, घाम, धूळ आणि ओल हे यंत्राचे शत्रू. अंघोळीपूर्वी व फवारणीपूर्वी काढावे. रात्री पुसून, ओल शोषणाऱ्या पुडीसह डबीत ठेवावे.

चार, मळणीयंत्रावर जाताना श्रवणयंत्र लावून जाऊ नये. ते आवाज वाढवते, अडवत नाही.

कर्णनादाचे उपाय आता सांगतो. ऐकणे कमी असेल तर श्रवणयंत्रानेच पुष्कळांचा कर्णनाद सौम्य होतो, कारण बाहेरचे आवाज पुन्हा येऊ लागले की आतला मागे पडतो. दुसरे, अगदी शांत खोलीत झोपू नये. पंखा, हलक्या आवाजातला रेडिओ, असा काही मंद आवाज चालू ठेवावा. आतला आवाज पूर्ण बुडवायचा नाही, त्याच्या शेजारी दुसरा ठेवायचा. तिसरे, विचार व वर्तन उपचार म्हणून एक पद्धत आहे. समुपदेशक आपल्याशी बोलून आवाजाबद्दलची भीती आणि त्यामुळे लागलेल्या सवयी हळूहळू बदलायला शिकवतात. कर्णनादाचा त्रास कमी करण्याबाबत सर्वांत भक्कम पुरावा याच उपचाराचा आहे. आवाज तोच राहतो, पण त्याची सत्ता कमी होते. माझ्या कानात या क्षणीही रातकिडे आहेत. तुमच्याशी बोलताना मला त्यांची आठवण नव्हती. आत्ता नाव काढले म्हणून झाली.

या त्रासाने कोणाला फार निराश वाटत असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर ते मनात ठेवू नये. घरच्यांना सांगावे, डॉक्टरांना सांगावे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू आहे. फोनवर नीट ऐकू येत नसेल तर घरातल्या माणसाला शेजारी बसवून फोन करावा.

घरच्यांनी काय करावे?

भगिनींनो, हा भाग तुमच्यासाठी आणि तरुण मुलांसाठी. ऐकू न येणारा माणूस हळूहळू माणसांतून उठतो. पारावर जात नाही, लग्नात कोपरा धरतो, ग्रामसभेत बोलत नाही. लोकांना वाटते तो गर्विष्ठ झाला किंवा तिरसट झाला. उतारवयातील स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या कारणांत 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञ समितीने २०१७ पासून बहिरेपणाचा समावेश केला आहे. म्हणून त्याला बोलण्यात ठेवणे हाही उपचारच आहे.

१) आधी नाव घेऊन किंवा खांद्याला हात लावून लक्ष वेधावे, मग बोलावे.
२) समोर, उजेडात बसून बोलावे. ओठ दिसले तर अर्धे काम होते.
३) ओरडू नये. ओरडण्याने शब्द फाटतात. सावकाश व स्पष्ट बोलावे.
४) तेच वाक्य तीनदा न म्हणता शब्द बदलून सांगावे.
५) बोलताना टीव्ही बंद करावा. एका वेळी एकानेच बोलावे.
६) "जाऊ दे, काही नाही," असे कधीही म्हणू नये. माझ्या मनाला सर्वांत जास्त लागलेले वाक्य हेच.

ज्याला कमी ऐकू येते, त्यानेही आपले काम करावे. समोरच्याला सरळ सांगावे, "मला कमी ऐकू येते, जरा समोर येऊन बोला." बाजार समितीत लिलावाचा भाव, कृषि सेवा केंद्रात औषधाचे प्रमाण, बँकेत हप्त्याची तारीख, या गोष्टी कागदावर लिहूनच घ्याव्यात. दहा लिटर पाण्याला 'सात' मिलि की 'साठ' मिलि, हे कानावर सोडू नये.

उरलेले कान कसे राखावे?

पहिला उपाय यंत्राचाच. फुटलेला सायलेन्सर बदलावा, सैल पत्रे व नटबोल्ट आवळावेत, बेअरिंगला वेळेवर वंगण द्यावे. ज्याचे यंत्राजवळ काम नाही त्याने, विशेषतः मुलांनी, लांब राहावे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. काम पाळीपाळीने वाटून घ्यावे. ट्रॅक्टरवर स्पीकर लावू नये. इंजिनाच्या वर ऐकू यावे म्हणून तो आणखी मोठा करावा लागतो.

दुसरा उपाय कानाचा. कापसाच्या बोळ्याने फारसा आवाज अडत नाही. स्पंजचे इअर प्लग किंवा डोक्यावरून घालायचे इअर मफ वापरावेत. इअर प्लग स्वच्छ हाताने चोळून बारीक करावा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर व मागे ओढावी, प्लग आत सारावा आणि फुगेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट बोटाने धरावा. कान वाहत असेल तर प्लग न घालता मफ वापरावा.

प्लग लावल्यावर हाक कशी ऐकू येणार, असा प्रश्न काल एका शेतकरी भावाने विचारला. योग्य प्रश्न आहे. उत्तर असे की खळ्यावर हाकेवर विसंबूच नये. काम सुरू करण्यापूर्वी हाताच्या खुणा ठरवाव्यात. तळहात गळ्यासमोरून आडवा फिरवला की इंजिन बंद, ही खूण प्रत्येक मजुराला माहीत हवी आणि इंजिनाजवळच्या माणसाची नजर पेंढ्या सारणाऱ्यावरच हवी. २००९ साली आम्ही एवढे केले असते, तर माझे कान कसेही असते तरी चालले असते.

शासकीय सोयी

केंद्र सरकारने २००७ पासून बहिरेपणा प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आहे. आपल्या जिल्हा रुग्णालयात कान तपासणीची सोय कोणत्या दिवशी असते, याची चौकशी करावी. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाणी व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. तेथे तपासणीपासून श्रवणयंत्रापर्यंत सेवा मिळतात. केंद्राच्या 'एडिप' योजनेतून उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना श्रवणयंत्र मोफत किंवा सवलतीत मिळू शकते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल श्रवणऱ्हास असलेली व्यक्ती 'ऐकण्यास कठीण' आणि ७० डेसिबल असलेली व्यक्ती 'बधिर' या वर्गात येते. अशांनी जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र व यूडीआयडी कार्ड काढून घ्यावे.

शेवटी एवढेच

श्रवणयंत्र मिळाल्यानंतर महिन्याभराने मी त्या मजुराच्या घरी गेलो. सहा वर्षांत कधी गेलो नव्हतो. त्याला सांगितले, "त्या दिवशी तुझी हाक मला ऐकू आली नाही. मला आधीपासूनच कमी ऐकू येत होते आणि मी ते सांगितले नाही." तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, मला वाटलं होतं, तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलं." सहा वर्षे त्या माणसाने हे मनात ठेवले होते. त्याची बोटे मी परत देऊ शकत नव्हतो. निदान हा गैरसमज तरी आधीच काढू शकलो असतो.

बंधू-भगिनींनो, चाळिशीनंतर आपण चष्मा लावतो, त्याची लाज वाटत नाही. कानाच्या यंत्राची का वाटावी? आज घरी गेल्यावर एवढेच करा. घरातल्यांना विचारा, "मला कमी ऐकू येते का?" ते 'हो' म्हणाले तर रागावू नका. पुढच्या आठवड्यात जिल्हा रुग्णालयाची वाट धरा आणि मळणीचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घरातल्या प्रत्येक कामकऱ्यासाठी इअर प्लग आणून ठेवा.

 ज्यांना प्रश्न विचारायचे असतील त्यांनी पुढे यावे आणि कृपा करून माझ्यासमोर उभे राहून विचारावे.